कोकुमच्या घरी जाताना

या वेळचं पत्र कॅनडातल्या, टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून आलंय. लांब होतं म्हणून थोडं कापून देते.

"ताई, आम्ही इथे सहा वर्षं आहोत. मुलगी ८ वर्षांची. तिच्या शाळेत रोज सकाळी स्पीकरवर सांगतात की ही जमीन मूळची कोणाची, त्यावरून तिने एकदा विचारलं, बाबा ते लोक आता कुठे राहतात, आणि मला उत्तरच देता आलं नाही. माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी क्री आहे, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, उत्तरेकडच्या मूस फॅक्टरी गावची, ती म्हणाली ऑगस्टमध्ये या तिकडे, माझ्या कोकुमला भेटा. जुलैत आईबाबा चिपळूणहून येतायत, आई माळकरी आहे. म्हटलं सगळ्यांनाच ट्रेनने घेऊन जावं, खरं इंडियन कल्चर बघायला मिळेल, पाववाव म्हणजे त्यांचा ढोल-नाचांचा मेळावा वगैरे, थोडं शूट करून माझ्या चॅनेलवर पण टाकता येईल. पण बायको म्हणते असं लोकांच्या वस्तीत बघायला जाणं बरं दिसत नाही. जावं का? आणि गेलो तर काय तयारी करू?"

मित्रा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले, आणि ती ओळ तू ट्रेन आणि पाववावच्या घाईत मधेच कुठेतरी टाकून दिलीयेस. माझ्या कोकुमला भेटा. कोकुम म्हणजे आजी, काही घरांत कूकुम म्हणतात. म्हणजे तुला एका घरचं आमंत्रण आलंय अरे! तुझ्या बायकोला जे खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय, बिनबोलावता कोणाच्या आळीत कॅमेरा घेऊन फिरणं बरं दिसतच नाही, पण तुम्हाला बोलावलंय. तेव्हा जा, नक्की जा, फक्त चिपळूणला कोणाच्या आजीकडे पहिल्यांदा जाताना जसा जाशील तसा जा, आणि पुढे मी जे काही लिहितेय ते सगळं यातूनच निघतं.

मी हे वरवरचं सांगत नाहीये. जेम्स बे म्हणजे तिकडच्या उत्तरेच्या उपसागराच्या किनाऱ्यावरच्या एका क्री गावात मी तीन वर्षं शाळेत शिकवलंय. पहिल्याच वर्षी वसंतात एका घरच्यांनी मला त्यांच्या तंबूत बोलावलं, आत आजी खाली बसून हंसाची पिसं काढत होत्या, पिसांचा ढीग गुडघ्यापर्यंत, आणि मी काय केलं तर नमस्कार करायच्या आधी फोन काढला. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त जरा वळून बसल्या, माझ्याकडे पाठ करून, आणि हात चालूच. त्या पाठीची मला आजही लाज वाटते. नंतर मी फोन ठेवला, बाजूला बसले, अर्ध्या तासाने त्यांनी एक हंस माझ्याकडे सरकवला, की काढ तू पण. म्हणजे ओळख झाली. तर चॅनेलचं तू डोक्यातून काढून टाक या वेळेपुरतं. घरच्यांचा एखादा फोटो हवाच असेल तर जायच्या दिवशी विचार, आणि तो तुझ्याकडेच राहू दे.

आता ते "खरं इंडियन कल्चर". पहिलं म्हणजे इंडियन हा शब्द सोड, तो त्यांच्यावर कोणीतरी चुकून लादलेला आहे आणि आपल्याला तर त्याचं जास्तच कळायला हवं. क्री हेही नाव बाहेरच्यांनी दिलेलं. अल्बर्टापासून क्वेबेकपर्यंत हे लोक पसरलेत आणि माणूस या अर्थाचा त्यांचा एकच शब्द जागेप्रमाणे बदलत जातो, मूस फॅक्टरीला इलिलिव, थोडं वर गेलात की इनिनिव, क्वेबेकच्या बाजूला ईयू. आपल्याकडे कोकणातलं आणि देशावरचं बोलणं बदलतं तसंच. आणि मिसिसागा हे ज्यांचं नाव ते लोक अनिशिनाबे, हा वेगळा मूळ समाज, ते क्री नव्हेत, हे मुलीला आधी नीट सांग कारण तिचा प्रश्न मुळात त्यांच्याबद्दल होता. ते कुठे गेले नाहीयेत, मिसिसागाज ऑफ द क्रेडिट यांची वस्ती हॅगर्सव्हिलजवळ आहे, तुमच्या घरापासून गाडीने दीडेक तास. त्यांचा पाववाव दर वर्षी ऑगस्टच्या शेवटाला असतो, सगळ्यांना खुला. पाववाव बघायचा असेल तर तिथे जा, त्यासाठी उत्तरेला एवढं लांब जायची गरज नाही. आणि खरं सांगू का, पाववाव जेम्स बेकडचा जुना प्रकारच नाही, तो पश्चिमेच्या मैदानांवरून आलेला, आता तिकडेही होतो, मूस फॅक्टरीच्या उन्हाळी गॅदरिंगमध्ये ढोल असतात, पण गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा जीव त्याच्यापेक्षा चर्चमधल्या क्री भजनांत जास्त असतो. हो, किनाऱ्यावरचे बरेच आजी-आजोबा पक्के अँग्लिकन आहेत. कुठेतरी वाचून तंबाखूची पुडी घेऊन जाशील, एल्डरला म्हणजे मानाच्या वडीलधाऱ्यांना तंबाखू द्यायची असते म्हणून, आणि ती रीत खरीच आहे बऱ्याच ठिकाणी, पण या घरात चालते का ते तुझ्या मैत्रिणीला विचारल्याशिवाय नेऊ नको.

पाववावला गेलात कुठे तर एवढं सांभाळा, ग्रँड एंट्रीला, म्हणजे सुरुवातीला सगळे नाचणारे आत येतात तेव्हा, उभं राहायचं, नाचणाऱ्यांच्या अंगावर असतं त्याला रेगालिया म्हणतात, त्याला कॉस्च्युम म्हणायचं नाही आणि हात लावायचा नाही, गरुडाचं पीस खाली पडलं तर सगळं थांबतं आणि तेव्हा फोटो अजिबात नाही. इंटरट्रायबल नाच पुकारला की मग मुलीला पाठवा आत, तो सगळ्यांसाठी असतो.

आणि तिकडे गेल्यावर आजीच्या घरात मोठा टीव्ही असेल, नातवंडं फोनवर, भिंतीवर हॉकीचे फोटो, रेडिओवर बिंगो लागलेला आणि सगळे पेन घेऊन बसलेले. मनात म्हणू नको की अरे हे काय, कल्चर कुठे गेलं. हेच घर आहे त्यांचं.

प्रवासाचं सांगते. टोरोंटोहून कॉकरेनपर्यंत हायवे ११ ने सातशेहून जास्त किलोमीटर, आठ-नऊ तास, आईबाबांना घेऊन एका दमात करू नका, नॉर्थ बेला उतरा. कॉकरेनला मुक्काम, आणि सकाळी पोलर बेअर एक्स्प्रेस, मूसोनीपर्यंत ३०० किलोमीटरच्या आसपास, पाचेक तास. नाव ऐकून मुलीने पांढऱ्या अस्वलाची आशा धरली असेल तर ते कॉकरेनच्या पोलर बेअर हॅबिटॅटमध्ये दाखव, मूसोनीला दिसणार नाही. मूसोनीला बारमाही रस्ता नाही, १९३२ ला रेल्वे पोचली तीच जमिनीवरची मुख्य वाट, त्यामुळे ही टुरिस्टांची गाडी नाहीये हे लक्षात ठेव, ही तिकडच्या लोकांची एसटी आहे. कॉकरेनला मालडब्यात बघ काय काय चढतं, डायपरची खोकी, टायर, गादी, कोणाचं आख्खं वॉशिंग मशीन. डब्यात शेजारी बसलेल्या बाईला सीट द्यावी लागली, सामान उचलायला हात लावावा लागला तर लाव. खिडकीतून आधी मोठी झाडं, मग काळी बारीक स्प्रूस आणि टॅमरॅक, मग ती पण ठेंगणी होत जातात कारण खाली सगळी मस्केग, पाणथळ शेवाळी जमीन. मस्केग हा शब्दच क्रीवरून आलाय.

मूसोनीला उतरलात की मूस फॅक्टरी समोर नदीतल्या बेटावर. उन्हाळ्यात मोटर लावलेल्या मोठ्या कनूमधून म्हणजे होडीतून दहा-पंधरा मिनिटं, कॅश ठेवा जवळ. थंडीत त्याच नदीवरून बर्फाचा रस्ता असतो आणि बर्फ धरताना-फुटताना हेलिकॉप्टर. ऑगस्टच जा, जून-जुलैत डास आणि काळ्या माश्या माणसाला जगू देत नाहीत, ऑगस्टमध्येही असतात पण जरा कमी, जाळीचे जॅकेट मुलीला आणि आईंना घ्याच. आणि इतर कोणी वाचक एप्रिल-मेचा विचार करत असतील तर, तेव्हा हंस येतात उत्तरेला आणि गावं अर्धी रिकामी होतात, शाळेलाही सुट्टी, गूज ब्रेक, सगळे रानात कॅम्पवर. बोलावलं असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही, पण न बोलावता गेलात तर दारं बंद. राहायला नदीकाठी क्री व्हिलेज इकोलॉज आहे, मोक्रीबेक म्हणजे क्वेबेकच्या बाजूने इथे येऊन राहिलेल्या क्री लोकांच्या समाजाने बांधलेलं, पण खोल्या मोजक्या, ट्रेनची वेळ आणि लॉज दोन्ही फोन करून पक्कं केल्याशिवाय निघू नका. आजीच्या घरी पाच जणांनी राहायची गोष्ट काढूच नको, तिकडे घरं कमी आणि प्रत्येक घरात माणसं जास्त, ती नाही म्हणणार नाही आणि कोणीतरी नातवंड सोफ्यावर झोपेल.

मूस फॅक्टरी म्हटल्यावर तुझे बाबा विचारतील कसली फॅक्टरी. त्यांना सांग, वखार. इंग्रजांची राजापूरची वखार, सुरतेची वखार, तोच शब्द आणि तोच धंद्याचा प्रकार, फक्त इथे मिरी-कापडाऐवजी बीव्हरची कातडी. हडसन्स बे कंपनीला १६७० ला राजाची सनद मिळाली आणि १६७३ ला या बेटावर वखार पडली, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. बाबांना हे असं सांगितलं की बेटावरची जुनी कंपनीची घरं आणि कबरी बघताना त्यांना कोणी गाईड लागणार नाही. मग १९०५ ला तिथेच ट्रीटी ९ वर, म्हणजे सरकारशी झालेल्या जमिनीच्या करारावर, सह्या झाल्या. आणि १९०६ ते १९७६ त्याच बेटावर बिशप हॉर्डन हॉल नावाची निवासी शाळा होती.

याच्यावर जरा थांबते. निवासी शाळा म्हणजे बोर्डिंग नव्हे आपल्यासारखं. घरातून मुलं नेली जायची, अगदी सहा-सात वर्षांची, म्हणजे तुझ्या मुलीपेक्षा लहान, केस कापायचे, क्री बोललं की शिक्षा, महिनोन्महिने आईबापांची भेट नाही, मारहाण आणि त्याहून वाईट गोष्टी झाल्या, काही मुलं परत आलीच नाहीत. २०१५ च्या सत्य आणि समेट आयोगाच्या अहवालात हे सगळं नोंदलंय. आता हिशोब कर, शाळा १९७६ ला बंद झाली, तर तुझ्या मैत्रिणीच्या आजी कुठे असतील तेव्हा? मला माहीत नाही आणि तूही विचारायचं नाही. चुकूनसुद्धा नाही, सहानुभूती म्हणून पण नाही. त्या स्वतः बोलल्या तर ऐकायचं, मधे "आमच्याकडे पण इंग्रजांनी" असं काही घुसवायचं नाही. मुलीला निघायच्या आधी घरी सांगून ठेव तिच्या वयाला झेपेल असं, तिच्या शाळेत ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालतात तो यासाठीच, ती तुला वाटते त्यापेक्षा जास्त समजून असेल. आणि तिलाही सांग की हा प्रश्न आजीला नाही विचारायचा. तसंच दारू. अनेक उत्तरेकडच्या वस्त्यांत दारूवर बंदी आहे, नियम मैत्रिणीला विचार, आणि नियम काहीही असो, तू बाटली नेऊ नको.

आईंचं जेवण, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि तू एका शब्दात उरकलायस, माळकरी. मित्रा, तिकडे हंस, मूस आणि मासा हे नुसतं जेवण नाहीये, ती त्यांची जमिनीशी असलेली सोयरीक आहे. मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच असं हरणाच्या जातीचं जनावर, एक मिळालं की आधी म्हाताऱ्या माणसांच्या घरी वाटा जातो. मारलेल्या जनावराची हाडं कुत्र्यांना टाकत नाहीत, कवट्या झाडावर बांधून ठेवतात, मान म्हणून. मी हे जवळून बघितलं तेव्हा, मी शाकाहारी घरातली, माझ्या मनातली एक गाठ सुटली. सागाबॉन, म्हणजे विस्तवावर टांगून हंस भाजणं, बघायला मिळालं तर आईंनाही बसवा जवळ. तंबूच्या मधोमध विस्तव, वरच्या दांडीला दोरी आणि दोरीला हंस टांगलेला, दोरीला पीळ दिला की तो गोल गोल फिरतो, एका बाजूने उलगडतो मग दुसऱ्या बाजूने, थांबायला लागला की जवळ बसलेलं कोणीतरी काठीने हलकेच टिचकी देतं, खाली पातेल्यात चरबी टपटपते, आणि हे असं तासन्तास. खाली जमिनीवर स्प्रूसच्या कोवळ्या फांद्या अंथरलेल्या असतात, त्यांचा वास आणि धुराचा वास. कोणी फार बोलत नाही. आपल्याला गप्प बसणं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं वाटतं आणि आपण लगेच काहीतरी बोलून ती जागा भरायला जातो, तिथे तसं करू नका, ते गप्प बसणंसुद्धा पाहुणचारच असतो. आणि मग अचानक कोणीतरी तुझी टिंगल करेल आणि सगळा तंबू हसेल, तेव्हा समजायचं की जमलं.

आईंनी खायला हवं असं मुळीच नाही. पण नाकाला पदर लावायचा नाही, आणि "बिचारं पाखरू" असं मराठीत पण म्हणायचं नाही, चेहरा सगळ्या भाषांत वाचता येतो. मैत्रिणीला आधीच मोकळेपणी सांग की आईंनी देवाच्या नावाने व्रत घेतलंय, मांस चालत नाही. देवाचं म्हटलं की तिथल्या आज्यांना दुसरं काही समजवावं लागत नाही. बॅनक म्हणून जाड भाकरीसारखी रोटी असते, ती मिळेल, पण तिच्यात बऱ्याचदा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, तेव्हा तेलातली करता येईल का हे आदल्या दिवशी विचारा, ताटात आल्यावर नाही. बाकी आईंचं पीठ, तांदूळ, डाळ टोरोंटोहूनच न्या, तिकडच्या दुकानात भाज्यांचे भाव बघून तुम्हाला घाम फुटेल. तू स्वतः खात असशील तर जे वाढतील ते खा, आणि मागून घे.

भाषेचं एक गोड आहे. भेटल्यावर आणि निघताना दोन्ही वेळेला म्हणतात वाचिये, आपल्या कानाला तर ज्ञानेश्वरीतलाच शब्द वाटतो, आईंच्या तोंडात एका मिनिटात बसेल. आभार मानायला मीक्वेच. आणि मुलीला तिथली लिपी दाखव, चर्चच्या पुस्तकात असते, पाट्यांवरही दिसते. एक त्रिकोण, ज्याला एक बाजू नाही. टोक वर केलं की पि, खाली केलं की पे, उजवीकडे पो, डावीकडे प. बस, अक्षर तेच, फिरवलं की स्वर बदलला. १८४० च्या सुमाराला नॉर्वे हाउसला जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने ही छापायला घेतली, आणि अभ्यासक सांगतात की तिच्यात शॉर्टहँडची आणि आपल्या देवनागरीची छाप दिसते. पश्चिमेकडच्या क्री लोकांत मात्र वेगळी कथा आहे, की कॉलिंग बॅजर नावाच्या माणसाला ही अक्षरं आत्म्यांनी दिली. तेव्हा तिथे बसून "ही तर आमची लिपी" असं सांगायला जाऊ नको. आई हरिपाठाचं पुस्तक नेतीलच. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक क्री लिपीतलं असेल तर दोघी एकमेकींची पुस्तकं बघतील, बघू दे, तू भाषांतर करायला मधे पडू नको आणि फोन काढू नको.

काही विकत घ्यायचं तर जिने केलं तिच्याकडून घ्या. मूसच्या कातड्याचे मोकॅसिन्स म्हणजे मऊ जोडे, धुरी दिलेलं कातडं, माझ्या कपाटात आठ वर्षं झाली ठेवलेत तरी दार उघडलं की चुलीपाशी बसल्यासारखा वास येतो. नाहीतर टॅमरॅकच्या काटक्या बांधून केलेले हंस, शिकारीत खरे हंस खाली बोलवायला वापरायचे तेच, आता शोभेचे पण करतात. घासाघीस करायची नाही. एका जोडीत किती दिवसांचं काम असतं ते मी बघितलंय.

ज्यांना असं कोणी बोलावलेलं नाही आणि तरी जायचंय त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वेबेकच्या बाजूला ऊजे-बुगूमू गावात क्री लोकांनी स्वतः उभारलेलं सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे गाडीने जाता येतं, तिकीट काढून गेलेला पाहुणा तिथे अपेक्षितच असतो, सुरुवात तिथून करा. चिसासिबी या क्री गावालाही रस्ता आहे, बिली डायमंड हायवे, मॅटागामीपासून रॅडिसनपर्यंत ६२० किलोमीटर आणि मधे पेट्रोल फक्त ३८१ व्या किलोमीटरला, ते चुकवू नका.

आता तू काय करायचंस ते. उद्या कामावर गेलास की मैत्रिणीला सांग आम्ही पाच जण आहोत, त्यात दोन म्हातारी माणसं आणि एक लहान मूल, ऑगस्टच्या कुठल्या आठवड्यात आजीला बरं पडेल. तारीख तिला सांगू दे. ती तारीख पुढे ढकलली गेली, कोणी वारलं गावात, आजीला बरं नाही, तर सुट्टीचं कारण काढून ताणू नको, तिकीट बदल. आणि हात हलवत जाऊ नका हे तुझ्या आईंना मी सांगायला नको. ताजी फळं तिकडे महाग पडतात तेव्हा फळांचं खोकं न्या, संत्री, सफरचंदं, द्राक्षं नको ती मालडब्यात दबतात. चांगली चहापत्ती. लाडू-बर्फीचे डबे मात्र आजीला डायबिटीस आहे का ते विचारल्याशिवाय भरू नका, तिकडे तो घरोघरी आहे. आईंना म्हणावं चिपळूणहून वाळलेली आमसुलं आणा थोडी, आणि ती देताना आजींना सांगा की आमच्याकडे याचं नाव कोकम आहे.